बटण दाबलं की ‘डॉक्युमेंट्स’च का उघडतं?

मी सांगली-सातारा भागातल्या पतसंस्था, वकिलांची ऑफिसं, काही शाळा यांच्यासाठी छोटी सॉफ्टवेअर लिहिते. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात एक बटण असतंच: ‘कागदपत्रे उघडा’. सभासदाचं नाव निवडायचं, बटण दाबायचं, की त्याच्या स्कॅन केलेल्या कागदांचा फोल्डर समोर आला पाहिजे. आधार, पॅन, सातबारा, जामीनदारांचे कागद, सगळं त्यात. व्याजाची गणितं आणि पासबुकाची छपाई यांच्यापेक्षा या एवढ्याशा बटणासाठी मला जास्त फोन येतात. वाक्यही ठरलेलं असतं: “मॅडम, बटण दाबलं की डॉक्युमेंट्सच उघडतंय. फोल्डर तर तिथंच आहे की, मला दिसतोय.”

त्यांचं म्हणणं खरं असतं. फोल्डर असतो, आणि तरी उघडत नाही.

ही तक्रार वरवर किरकोळ वाटते, पण मी ती मनावर घेते. काउंटरवर रांग असते, समोर भलताच फोल्डर उघडलेला असतो, घाईत स्कॅन त्यातच सेव्ह होतो. एका कर्जदाराचा सातबारा दुसऱ्याच्या कागदांत जाऊन बसतो आणि ऑडिटच्या वेळी तो शोधताना ऑफिसमधल्या माणसांचा जीव जातो. म्हणून आजवर या बटणामागे जी जी कारणं सापडली ती इथे लिहून ठेवते आहे. माझं काम विंडोजवर चालतं, त्यामुळे गोष्टही विंडोजचीच आहे.

सुरुवात एक्सप्लोररपासून करावी लागते. फोल्डर उघडायचा तर एक्सप्लोरर (विंडोजमध्ये फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम) चालवायचा आणि त्याला पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, द्यायचा, असं बहुतेक कोडमध्ये लिहिलेलं असतं. एक्सप्लोररला तो पाथ कळला नाही किंवा सापडला नाही, तर बहुतेक वेळा तो तसं सांगत नाही. सरळ डॉक्युमेंट्स उघडतो. मला हे वागणं मनापासून चुकीचं वाटतं. ‘हा फोल्डर मिळाला नाही’ एवढी एक ओळ दाखवली असती तर कितीतरी माणसांचे कितीतरी तास वाचले असते. परतीच्या कोडवरूनही काही कळत नाही, कारण फोल्डर अगदी नीट उघडला तरी एक्सप्लोरर १ हाच आकडा परत देतो. १ म्हणजे बिघाड असं धरून चालणारा कोड मग काही बिघडलेलं नसताना ओरडायला लागतो.

एक्सप्लोररला पाथ न कळण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे बॅकस्लॅशच्या (\) जागी पडलेला फॉरवर्ड स्लॅश (/). विंडोजमधल्या फाइल उघडणाऱ्या बहुतेक फंक्शनना फॉरवर्ड स्लॅश चालतो, त्यामुळे त्याच पाथवरून फाइल वाचता येते, फोल्डर अस्तित्वात आहे का ही तपासणीही पास होते. तोच पाथ एक्सप्लोररच्या हातात दिला की डॉक्युमेंट्स. याचं मूळ फार जुनं आहे. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीत फोल्डर आले ते १९८३ साली, दुसऱ्या आवृत्तीत. तोपर्यंत फॉरवर्ड स्लॅश कमांडच्या पर्यायांसाठी वापरात आलेला होता, म्हणून फोल्डरांना बॅकस्लॅश मिळाला. एक्सप्लोरर आजही कमांड लाइनवर, म्हणजे त्याला चालवताना दिलेल्या ओळीत, फॉरवर्ड स्लॅश दिसला की पर्यायाच्या नजरेने त्याच्याकडे पाहतो.

दुसरं कारण स्वल्पविराम. एक्सप्लोरर आपले पर्याय स्वल्पविरामाने वेगळे करतो. एका ऑफिसात फोल्डरांची नावं आडनाव, स्वल्पविराम, गाव अशी होती आणि मध्ये मोकळी जागा नव्हती. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, दुसरे प्रोग्रॅम चालवणारं सबप्रोसेस मॉड्यूल मोकळी जागा दिसली तरच पाथला अवतरणचिन्हं लावतं. स्वल्पविराम त्याच्या दृष्टीने साधं अक्षर. त्यामुळे ‘पाटील,विटा’ हा फोल्डर अवतरणाशिवाय एक्सप्लोररपर्यंत पोचायचा आणि तिथे ‘पाटील’पाशीच तुटायचा. ज्यांच्या नावात स्वल्पविरामानंतर जागा सुटली होती त्यांचे फोल्डर मात्र नीट उघडत. ऑफिसातल्यांना वाटत होतं, ठरावीक सभासदांचाच डेटा खराब झालाय. फोल्डर उघडून आतली एखादी फाइल निवडलेली दाखवायचा जो ‘सिलेक्ट’ पर्याय आहे, त्यात नेमकी उलटी अडचण होते. पाथमध्ये जागा असली की पायथॉन पर्यायासकट सगळ्यालाच अवतरणात घालतं, आणि एक्सप्लोररला त्यातला पर्याय ओळखता येत नाही.

यावर माझा उपाय म्हणजे एक्सप्लोररला कमांड लाइनवरून हाक मारायचीच नाही, फोल्डर उघडायचं काम विंडोजलाच सांगायचं. पायथॉनमध्ये ‘ओएस.स्टार्टफाइल’ आहे, सी-शार्पमध्ये प्रोसेस सुरू करताना ‘यूज शेल एक्झिक्यूट’ चालू ठेवता येतं. सी-शार्प ही भाषा ज्यावर चालते त्या डॉटनेटच्या जुन्या फ्रेमवर्कमध्ये हा पर्याय आपोआप चालू असायचा, डॉटनेट कोअरपासून तो आपोआप बंद असतो. त्यामुळे जुना कोड नव्या आवृत्तीवर नेला की फोल्डर उघडताना ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं आणि लोक परवानग्या तपासत बसतात. या मार्गाने गेलं की पाथ सापडला नाही तर निदान एरर तरी येतो. इथे एकच सांभाळायचं: पाथच्या शेवटी बॅकस्लॅश ठेवायचा. ‘रिपोर्ट’ नावाच्या फोल्डरशेजारी त्याच नावाची ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, असेल, तर शेवटच्या बॅकस्लॅशअभावी फोल्डरऐवजी तो प्रोग्रॅमच चालू होऊ शकतो.

आता दुसऱ्या जातीची भानगड. एक्सप्लोरर बरोबर असतो, पण त्याच्यापर्यंत पोचलेला पाथच आपल्या मनातला नसतो.

एका पतसंस्थेत आधीपासूनचा कोड होता, त्यात पाथ अपुरा लिहिलेला: नुसतं ‘सभासद’, पुढे क्रमांक. असा पाथ प्रोग्रॅमच्या चालू फोल्डरपासून मोजला जातो. डबल-क्लिकने प्रोग्रॅम उघडला तर चालू फोल्डर म्हणजे ईएक्सई जिथे आहे ती जागा. शॉर्टकटने उघडला तर शॉर्टकटच्या ‘स्टार्ट इन’ रकान्यात जे असेल ते. टास्क शेड्युलरने चालवला आणि तिथला ‘स्टार्ट इन’ रिकामा असला तर विंडोजचा सिस्टिम३२. इथवर बहुतेकांना माहीत असतं. त्या ऑफिसातली तक्रार मात्र वेगळी होती: सकाळी सगळं चालतं, दुपारी बंद पडतं, प्रोग्रॅम बंद करून उघडला की पुन्हा चालतं. मी काउंटरवरच्या ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि त्या काय काय करतात ते नुसतं पाहत राहिले. नवीन सभासद आला. त्यांनी फोटो जोडायला फाइल निवडायची खिडकी उघडली, स्टुडिओवाल्याने दिलेल्या पेनड्राइव्हमधून फोटो घेतला. त्यानंतर ‘कागदपत्रे उघडा’ दाबलं आणि डॉक्युमेंट्स आलं. फाइल निवडायची ती खिडकी प्रोग्रॅमचा चालू फोल्डरच बदलते. फोटो घेतल्यापासून प्रोग्रॅम सगळ्या सभासदांना पेनड्राइव्हवर शोधत होता. डॉटनेटमध्ये यासाठी ‘रिस्टोअर डिरेक्टरी’ नावाचा गुणधर्म आहे आणि तो मुळात बंद असतो. तो चालू केला तर तेवढ्यापुरतं भागतं. पण प्रोग्रॅम सुरू होतानाच मूळ फोल्डरचा पूर्ण पाथ ठरवून घ्यावा आणि पुढे प्रत्येक पाथ त्याला जोडून तयार करावा, हे मला जास्त पटतं.

जोडतानाही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. सेटिंगमध्ये कुणी ड्राइव्ह म्हणून ‘डी:’ एवढंच लिहितं, कोड त्याला ‘सभासद’ जोडतो, आणि पायथॉन काय किंवा सी-शार्प काय, दोघंही मध्ये बॅकस्लॅश न घालता ‘डी:सभासद’ देतात. दिसायला नगण्य फरक, पण अर्थ वेगळा: डी ड्राइव्हवर सध्या जो फोल्डर चालू आहे, त्यातला ‘सभासद’. प्रत्येक ड्राइव्हचा आपापला चालू फोल्डर ही डॉसची रीत विंडोजने अजून सांभाळली आहे. उलट बाजूने, जोडायच्या दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला बॅकस्लॅश असला, तर पायथॉन पहिल्या तुकड्यातली फक्त ड्राइव्ह ठेवतं आणि सी-शार्पचं ‘पाथ.कंबाइन’ पहिला तुकडा पुरता टाकून देतं. एररही येत नाही.

एक्सेलमधून आलेल्या नावांच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा हा असाच एक त्रास. ‘शिंदे’च्या पुढे एक जागा असेल आणि त्या नावाने फोल्डर तयार करायला सांगितलं, तर विंडोज शेवटची जागा कापून फोल्डर करतं आणि काम झालं म्हणून कळवतं. पण त्याच नावापुढे बॅकस्लॅश आणि फाइलचं नाव लावून पाथ केला, की ती जागा आता पाथच्या मध्ये आली, आणि मधली जागा विंडोज कापत नाही. मग आत्ताच बनवलेला फोल्डर सापडत नाही. शेवटच्या टिंबाचंही असंच: आपल्याकडे संस्थांची नावं ‘मर्या.’ने संपतात. फोल्डर बनतो तो टिंबाविना ‘मर्या’, डेटाबेसमध्ये टिंब राहतं, आणि दोन याद्या ताडून पाहणारा कोड ‘फोल्डर नाही’ असं ठरवून मोकळा होतो.

आणि आता ज्यासाठी मी मुळात हे लिहायला बसले ते. वरचं सगळं इंग्रजीत कुठे ना कुठे शोधलं तर मिळेल. हे आपलं आपल्यालाच निस्तरावं लागतं.

एका संस्थेत शाखांचे फोल्डर मराठीत होते. ‘कऱ्हाड शाखा’ निवडून बटण दाबलं की रिकामा फोल्डर उघडायचा. बाकी शाखा ठीक. सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर ‘कऱ्हाड शाखा’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी. अक्षरन् अक्षर सारखं. एकात वर्षानुवर्षांचे कागद, दुसरा रिकामा. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर विंडोज होऊ देत नाही, म्हणजे नावं वेगळी असणारच, फक्त डोळ्यांना दिसत नव्हती. मी दोन्ही नावं अक्षर-अक्षर सोडवून त्यांचे युनिकोड क्रमांक (संगणक प्रत्येक अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो ते) छापले, आणि तिथे फरक दिसला. एका नावात ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं, क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त आणि मग ह. दुसऱ्यात साधा र, ०९३०, हलन्त, त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह, २००डी, आणि मग ह. पडद्यावर दोन्हींतून तोच अर्धचंद्री र उमटतो.

दोन्ही पद्धती अधिकृत आहेत. युनिकोडने हा र लिहायला ऱ ठेवला, तो इस्की या भारतीय मानकाला धरून. आणि जॉइनरची पद्धत आपल्याच जुन्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी राहू दिली. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ ला स्वतःची जागा आहे, त्यामुळे इनस्क्रिप्टने टाइप करणारे पहिल्या पद्धतीने लिहितात. त्या संस्थेतला जुना डेटा जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला होता आणि त्यात सगळीकडे जॉइनर होता. नवीन क्लार्कने इनस्क्रिप्टने शाखेचं नाव पुन्हा भरलं, कोडला त्या नावाचा फोल्डर दिसेना, त्याने नवा बनवला. विंडोजची एनटीएफएस फाइलपद्धत नावातल्या क्रमांकांची तुलना करते. लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद ती सोडते, पण दोन मराठी नावं सारखी दिसतात म्हणून त्यांना एक धरत नाही.

यावर पहिला सल्ला मिळतो तो युनिकोड नॉर्मलायझेशनचा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणण्याचा. तो अर्धाच लागू पडतो. र आणि खालचा नुक्ता असं तोडून लिहिलेलं असेल तर एनएफसी हे त्यातलं नेहमीचं रूप त्याचा ऱ करून देतं. जॉइनरच्या रूपाला मात्र ते हातही लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन रूपं समतुल्य नाहीत. मग लोक म्हणतात, जॉइनर सरसकट काढून टाका. तसं करू नका. जॉइनर काढला की अर्धचंद्री र चा रफार होतो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र, हे दोन्ही एक होऊन बसतात. ‘आचाऱ्यांना’ दिलेलं बिल ‘आचार्यांना’ जातं. आणि इतकं करून ‘कर्हाड’ हे ‘कऱ्हाड’शी जुळत नाहीच.

वकिलांच्या ऑफिसात हाच प्रकार ‘ॲड.’ने होतो. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोकांनी अ वर चंद्र देऊन भागवलं, कुणी मध्ये जॉइनर घातला, कुणी हिंदी पद्धतीचा ऍ वापरला. ती सगळी रूपं आजही फोल्डरांच्या नावांत नांदत आहेत, आणि नॉर्मलायझेशन यातल्या कुठल्याही दोघांना एक करत नाही.

मी आता असं करते. प्रत्येक नावाची तुलनेपुरती एक किल्ली बनवते. आधी एनएफसी. मग ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’. मग ॲ ची सगळी रूपं एकाच ॲ वर आणायची. हे झाल्यानंतरच उरलेले जॉइनर काढायचे, शेवटच्या जागा आणि टिंबं कापायची. हा क्रम मोडला तर पुन्हा दर्या आणि दऱ्या एक होतात. ही किल्ली फक्त शोधण्यासाठी. फोल्डरचं नाव मी बदलत नाही. डेटाबेसमधल्या नावाची किल्ली आणि सर्व्हरवरच्या प्रत्येक फोल्डरची किल्ली ताडून पाहते, आणि जुळलेला फोल्डर सर्व्हर ज्या अक्षरांत सांगतो त्याच अक्षरांत उघडते. दोन फोल्डर जुळले तर प्रोग्रॅम थांबून विचारतो, कुठला. दोन फोल्डर आपोआप एकत्र करायचा कोड मी लिहीत नाही. त्यातले कागद कुणाचे हे ठरवणं ऑफिसातल्या माणसाचं काम आहे.

काही जण सुचवतात की फोल्डरांना नुसते इंग्रजी क्रमांक द्या, प्रश्नच मिटेल. मी क्रमांक देते, पण नाव काढत नाही. आधी क्रमांक, पुढे मराठी नाव, आणि कोड फक्त क्रमांक पाहतो. वीज गेली, सर्व्हर बसला, माझा प्रोग्रॅम उघडेना, तेव्हा ताईंना बॅकअपच्या डिस्कवरून कागद हाताने शोधता आले पाहिजेत, आणि तेही त्यांच्या भाषेत. ती सोय त्यांच्याकडून काढून घ्यायची माझी तयारी नाही.

राहिलेली दोन कारणं थोडक्यात. ‘यूजर्स’खाली वापरणाऱ्याचं नाव आणि त्याखाली डॉक्युमेंट्स असा पाथ कोडमध्ये हाताने जोडू नये. वनड्राइव्हने बॅकअप चालू केला की डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप त्याच्या फोल्डरात हलतात, आणि जुन्या पाथवर काही नसतं. विंडोजलाच विचारावं, डॉक्युमेंट्स आज कुठे आहे. त्यासाठी फंक्शन आहे. दुसरं म्हणजे मॅप केलेली ड्राइव्ह. प्रोग्रॅम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवला की नेहमी दिसणारी झेड ड्राइव्ह त्याला सहसा दिसत नाही, कारण प्रशासक म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमचं लॉगिन सत्र वेगळं धरलं जातं. तिथे ड्राइव्हच्या अक्षराऐवजी दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा सर्व्हरचा पूर्ण पाथ द्यावा.

यातलं कुठलं कारण आहे हे अंदाजाने शोधू नये. प्रोसेस मॉनिटर हे सिसइंटर्नल्सचं मोफत साधन आहे. ते लावून आपल्या प्रोग्रॅमच्या नावाची चाळणी लावली की विंडोजकडे प्रत्यक्षात कुठला पाथ मागितला गेला ते ओळीने दिसतं. त्यातल्या निकालाच्या रकान्यात ‘नेम नॉट फाउंड’ आलं तर पाथचा शेवटचा तुकडा सापडलेला नाही. ‘पाथ नॉट फाउंड’ आलं तर मधलाच कुठला तरी फोल्डर नाही. शेवटी जागा राहिलेलं नाव मला या एका फरकावरूनच सापडत आलं आहे.

माझ्या प्रोग्रॅममध्ये आता फोल्डर आधी तपासला जातो आणि मिळाला नाही तर एक खिडकी येते. तीत पूर्ण झालेला पाथ असतो, प्रोग्रॅमचा चालू फोल्डर असतो, कुणाच्या लॉगिनने चालू आहे ते असतं, आणि नावातल्या अक्षरांचे क्रमांक असतात. त्या शेवटच्या ओळीचा ऑफिसात कुणाला उपयोग नाही, पण खाली लिहिलंय: ‘या खिडकीचा फोटो मॅडमना पाठवा.’ फोटो येतो, त्यात २००डी कुठे आहे ते पाहते, आणि बहुतेक वेळा तिथे जायची गरज पडत नाही.